अर्धी दाढी

— हलू नका पावणं, वस्तरा गळ्यावर हाय. बोलायचं मी, आयकायचं तुमी, ह्या दुकानाचा रिवाजच त्यो. काय? पातं नवं व्हतं का? राव, तुमच्या डोळ्यांदेखत पाकीट फाडलं की! पिंपळवंडीत ह्यो हौशीराम न्हावी एका पात्यानं दुसऱ्याची दाढी करत न्हाई — मग त्यो सरपंच असू दे न्हाईतर माझा सासरा. मंचरला सरकारी दवाखान्यात दोन दिवस ट्रेनिंग झालंय माझं, जेवणासकट. त्या कप्प्यात निरोधची पाकिटं हायती, तुरटीच्या मागं. आदी आरशाखाली ठिवली व्हती, तर कुणी हातच लावंना. का? वर भैरवनाथाचा फोटू! देवाम्होरं कोण उचलणार? कप्पा बदलला, आठ दिवसांत खल्लास. सोमाजीबाबा सत्तरीचे, म्हणत्यात नातवासाठी नेतो. न्या म्हणलं.

आरशात बगा — देवळाम्होरं गाडी दिसती का? एचआयव्ही तपासायची. आन रांगंतली माणसं बगा, त्यो टोपीवाला, त्यो निळ्या शर्टाचा — एकाच गालावर फेस! हसू नका, कापंल. समदी माझीच गिऱ्हाइकं. गाडीवरच्या म्याडमनी पोस्टरं लावली, भोंगा फिरवला, एक माणूस येईना — हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणं. मग मी शक्कल काढली. गाडी येती त्या दिवशी अर्धीच दाढी करायची, उरलेली तपासून आल्यावर. समदेच अर्धे, मग कोण कुणाला बोट दाखवणार? मागल्या खेपंला बावीस जण गेले! जबरदस्ती? छ्या. म्याडम एकेकाला आत घेऊन इचारत्यात, मनानं आलाय ना? दोघं न्हाई म्हणले, तर त्यांची बी दाढी मी पुरी केली. शिव्या देत केली, पर केली.

हां, झाला उजवा गाल. उठा आता. — का म्हंजे? आमच्या गावच्या दादाभाऊंची निर्मला तुमालाच दिलीया ना? गुरवारी हळद. न्हाव्याला ठावं नसतंय व्हय! तुमी अवसरीचे, पिकअपवर असता, माल घेऊन मुंबईला, चार-चार दिस बाहेर. मी काय म्हणतोय का? न्हाई. माझं म्हणणं येवढंच — छत्तीस गुण बगितले, ही तपासणीची येक चिठ्ठी बगाया काय जातंय? आन निघालंच, तर गोळी हाय, फुकट हाय. माणूस मरत न्हाई आता. रोज एक गोळी, ठरल्या टायमाला. माझीच बगा, नऊ वर्षं झाली, एक दिवस चु—

...

ह्ये बोलायचं न्हवतं मला. तोंडाला कुलूपच न्हाई माझ्या.

वस्तऱ्याकडं काय बगताय? पातं नवं हाय, तुमच्या म्होरं फाडलेलं. — गावात कुणाला ठावं न्हाई. म्याडमला ठावं, आन आमच्या कुशाबाईला. तिला ठावं असणारच की, माझ्याकडनंच झालंय तिला. पोटुशी व्हती, रक्त तपासलं, तवा कळलं. पोरगीला न्हाई हां, आमची तेजस्विनी चोख हाय, गोळ्यांनी वाचली. पर कुशाबाई रोज माझ्याम्होरं गोळी गिळती, येका शब्दानं बोलत न्हाई, आन मला लई लाज वाटती पावणं. लग्नाआदी मला कुणी असं अर्ध्या दाढीनं उठवलं असतं तर — जाऊ द्या.

तुमी भाईर बोललात, तर उद्या ह्या खुर्चीत कुणी बसायचं न्हाई. मग शक्कल बी गेली आन दुकान बी गेलं. काय करायचं ते तुमच्या मनावर. पर गाडीपाशी जावा. माझ्यासाठी नगं, त्या दादाभाऊंच्या पोरीसाठी जावा.

टॉवेल? राहू द्या गळ्यात. उरलेला गाल दुसरीकडं केला तरी चालंल, नारायणगावाला लई पार्लरं हायती, गार हवेची. मी रुसणार न्हाई. — अवो, अवो पावणं, तुमची पिकअप तिकडं, ही गाडी हिकडं! ... हां. त्या टोपीवाल्याच्या मागं उभं ऱ्हावा.

— कोण, चिमाजी? न्हाई रं, ह्या खुर्चीवर नगं बसू. बाकड्यावर टेक. पावणं यायचं हायती.