घरावरचे साडेतीन लाख

रोह्याच्या बँकेत वृंदाबाई हयातीचा दाखला द्यायला बसल्या होत्या. शेजारी नावेद आणि अक्सा हे नवरा-बायको कर्जाच्या टेबलाकडून हाक यायची वाट पाहत होते.

"वरसे गावचा फ्लॅट अठ्ठावीस लाखांत होतोय, असं तुमी कुवेतवरून बोलला होतात," अक्सा नवऱ्याला म्हणाली.

"फ्लॅट अठ्ठावीसचाच हाय. पण स्टँप ड्युटी, वकील, मीटर, सोसायटीचं डिपॉझिट, हे वरचं. साडेतीन लाख."

"तेपण बँक देल ना?"

"नाय. ते आपलेच घालायचे."

"आणि आपल्याकडं?"

"बिल्डरच्या पयल्या हप्त्यालाच सगळं जातंय. आणखी दोन वर्षं कुवेतला काढली, तर जमंल."

"कायमचा आलो, बोललात ना? आपला पोरगा अफान आता कुठं तुमच्याजवळ झोपायला लागलाय."

"घर तुझ्या नावावर घेऊ गो. बाईच्या नावावर ड्युटी एक टक्का कमी पडते."

"नाव माझं. आणि त्यात राहणार कोण? मी नि अफान?"

"नाय घेतलं तर बिल्डरला दिलेले पन्नास हजार बुडतील."

"बुडू देत. भाड्याची खोली हाय आपल्याला. तिघं मावतो तिच्यात."

तेवढ्यात टेबलावरून नावेदच्या नावाची हाक आली. तो उठून उभा राहिला, पण पुढं गेला नाही.

"साहेब, आमचं ऱ्हाऊ द्या. पुढच्याला बोलवा."

अक्सानं मांडीवरचे कागद पिशवीत घातले. वृंदाबाईंनी त्यांना जायला वाट दिली.