तिसरी ढिगली

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष मोठे साहेब, स्टेजवर बसलेले सगळे मानाचे पाहुणे, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आमच्या समुपदेशक ज्योत्स्नाताई, आणि समोर बसलेल्या माझ्यासारख्याच आया, बाप, आजा-आज्या, तुम्हा सगळ्यांना ललिताचा नमस्कार.

एवढं ऑफिसातल्या किरणदादांनी पाठ करून घेतलं. पुढचं माझं मलाच बोलायचंय. माईक दोन्ही हातांनी धरलाय. हसू नका.

मी नरडाण्याकडची. शाळा चौथीपर्यंत, ती बी अर्धी. माझं पोरगं सोळा वर्षांचं, इथं धुळ्याच्या निरीक्षणगृहात आहे. नाव घेत नाही. पोरांची नावं चारचौघांत घ्यायची नाहीत, हे ताईंनीच शिकवलं. मित्रांच्या संगतीनं एका कारखान्यात तार चोरायला गेला. वॉचमनदादांनी धरलं, ढकलाढकलीत त्यांचा हात मोडला. ते मी झाकत नाही. त्या दादांच्या घरी बी एक बाई असंल, ती माझ्यासारखीच रडली असंल.

पोलीस घेऊन गेले त्या दिवशी आमचे हे एवढंच बोलले, "मन्हाकरता तो मरी गया." मग घरात त्याचं नाव बंद. आता सांगा, जित्या पोराचं सुतक आईनं कसं पाळायचं?

ताईंनी मला विचारलं, "फोन आहे का?" मी म्हटलं, घरात एकच, यांचा. दिवसभर यांच्यासंगं शेतात, संध्याकाळी हाती येतो. म्हणाल्या, "चालेल. तुमच्यासारख्या सगळ्यांचा ग्रुप केलाय. वाचावं लागणार नाही, मी बोलून पाठवीन." मग रोज त्यांचा आवाज यायचा. झोप नाही आली तर काय करायचं. मनात वाईट विचार आला तर कोणाला फोन लावायचा. भेटीत पहिलं काय बोलायचं. "का केलंस असं एकदम विचारू नका," म्हणायच्या, "जेवलास का, एवढं विचारा."

व्हिडिओवर भेट लागली. मी विचारलं, काय जेवला रे? तर म्हणतो, "माय, वरण ते पाणीना मायक शे." पाण्यासारखं वरण म्हणे. आणि हसला. तो हसला आणि मला रडू फुटलं. फोन बंद करायचं बटण सापडेना. तिकडं अख्ख्या ऑफिसनं माझं रडणं ऐकलं. नाही का हो, किरणदादा?

आता एक गोष्ट सांगते. सांगू का नको, कालपासून ठरवतेय. ग्रुपवर आवाज आला की बाजूला हिरवा माईक दिसतो. ऐकला की निळा होतो. मला अक्षर नाही कळत, रंग कळतो. संध्याकाळी फोन हाती यायचा, तर ताईंचे सगळे माईक आधीच निळे! सासूबाईंना फोन धरता येत नाही. सासरे नाना तर बहिरे. मग दिवसभर शेतात कोण ऐकत होतं? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते बी बंद झालं असतं.

मग श्रावणात आमच्या खानदेशची देवी, कानबाई, घरी आली. साहेब बाहेरगावचे आहेत म्हणून सांगते, कानबाईच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याला, घरातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. आमच्या सासूबाई सुपात वेगवेगळ्या ढिगल्या करतात. नानांची केली, यांची केली, आणि हात थांबला. यांना विचारलं, "त्याना नावनी टाकू का नको?" हे उठले. चप्पल घातली, बाहेर गेले. सासूबाईंनी सूप तसंच देव्हाऱ्यापुढे ठेवलं.

मी ताईंना बोलून पाठवलं. ताईंचा आवाज आला, "ललिताताई, कानबाईतलं मला कळत नाही. पण मूठ घरातल्या माणसाची ना? मग तो घरातला आहे का नाही, एवढंच तुम्ही ठरवा." मी ऐकलं आणि फोन यांच्या उशाशी ठेवला.

सकाळी दळायला सूप उचललं, तर ढिगल्या तीन.

सासूबाई मलाच ओरडल्या, "तू टाकी का व?" मी म्हटलं, कानबाईची आण, मी नाही. "मी बी नही टाकी," म्हणाल्या. मग आम्ही दोघी जातं फिरवत राहिलो.

उद्या पोराची बाल न्याय मंडळापुढे तारीख आहे. तिथं विचारतील, याला घरी कोण नेणार, कोण सांभाळणार? मी तर उभी राहीनच. पण ताई म्हणाल्यात, बाप बी उभा राहिला तर पोराला बळ येईल. हे अजून हो म्हणाले नाहीत. नाही बी म्हणाले नाहीत. आज मला गाडीवर सोडायला आले, आणि बाहेर थांबतो म्हणता म्हणता शेवटच्या रांगेत येऊन बसलेत. अहो, उठू नका. किल्ली खिशात ठेवा. घरी मला बोलता येत नाही, इथं माईक आहे म्हणून बोलतेय. दोन मिनिटं बसा.

मोठे साहेब, ताईंची बदली झाली, त्याला आमचा इलाज नाही. पण तो ग्रुप बंद करू नका. उद्या दुसऱ्या कोणाचं पोर आत येईल, तिच्या बी फोनवर कोणाचा तरी आवाज यायला पाहिजे.

आणि ताई, तुम्ही कुठंबी जा. उद्या मंडळातून बाहेर आले की मी तुम्हाला बोलून पाठवीन. त्यात माझा एकटीचा आवाज असंल का दोघांचा, ते मला आत्ता माहीत नाही.

तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, तुमचे उपकार. माझ्या बोलण्यात काही चुकलं असंल तर पोटात घ्या. पोराचं तर चुकलंच आहे. पण ते पोटात घ्यायला मी एकटी पुरत नाही हो.