जावईबापूंची दुरुस्ती

(नाशिक, १९९९. इंदिरानगरातल्या एका घरापुढे जुनी फियाट निघायच्या तयारीत. अण्णा स्टिअरिंगशी, आई शेजारी. मागचं दार सताड उघडं, आणि जिला मालेगावला सासरी पोचवायचं ती मोहिनी नाकाला पदर लावून बाहेरच उभी. आत बसेल तर शपथ.)

मोहिनी : मी नाही बसणार. पेट्रोलच्या टाकीत बसल्यासारखं वाटतंय.

आई : चारही काचा खाली केल्यात की! ओझर गेलं की वारा लागतो, वास जातो.

मोहिनी : वास जात नाही आई, आपण डोकी बाहेर काढतो. मागच्या वेळी चांदवडला मला उलटी झाली, ती काय हौसेनं?

आई : मला वाटलं, गोड बातमी असेल.

मोहिनी : तुला काहीही वाटतं.

अण्णा : पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचाच वास येणार. मोगऱ्याचा नाही.

मोहिनी : हे तुम्ही बोलताय अण्णा? सातपूरला आयुष्य गेलं तुमचं सुपरवायझर म्हणून. मशीनखाली तेलाचा डाग दिसला तरी अख्खी शिफ्ट फैलावर घ्यायचात.

अण्णा : ती कंपनी होती.

मोहिनी : आणि हे काय आहे?

आई : हे जावईबापूंनी दुरुस्त केलंय. धोंड्याच्या महिन्यात वाण घ्यायला आले, अनारसे खाल्ले आणि तसेच बाह्या सरसावून डिकीत शिरले. दुसऱ्याचा जावई पाय पसरून घोरत पडला असता.

मोहिनी : घोरला असता तर उपकार झाले असते. दिनेशला पाना कुठल्या बाजूनं धरतात ते माहीत नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार!

आई : हळू! शेजारच्या धोंडाबाई गॅलरीत उभ्या आहेत. नवऱ्याला असं अरेतुरे करतात?

मोहिनी : ऐकू देत त्यांना. कोपऱ्यावर लहानूचं गॅरेज आहे. दाखवा त्याला, आत्ताच्या आत्ता.

आई : मुळीच नाही. जावईबापू आले की आधी डिकी उघडून बघतात. आपलं काम दुसऱ्यानं उसकटलेलं दिसलं की संपलं. दिवाळीला पाऊल ठेवणार नाहीत आपल्याकडे.

अण्णा : जावई म्हणजे दशमग्रह. शांत असलेला बरा.

मोहिनी : आणि त्या ग्रहासाठी आपण तिघांनी भाजून मरायचं? अण्णा, तुम्ही गाडीत सिगरेट ओढता!

अण्णा : हल्ली खाली उतरून ओढतो.

मोहिनी : हल्ली म्हणजे कधीपासून?

अण्णा : डिकी उघडायचीय ना तुला? ही घे किल्ली.

मोहिनी : या ना, तुम्हीही या. आई, तूही बघ तुझ्या जावयाची कला. शी! माझ्या बॅगेचा तळ भिजलाय. साड्यांना लागलं असणार. थांबा, इथून येतंय, टाकीच्या नळीपाशी. ही नळी हिरवी का आहे?

आई : हिरवी?

मोहिनी : हिरवीगार. वर पिवळी रेघ.

आई : अगं बाई! ही तर आपल्या अंगणातली, झाडांना पाणी घालायची! आखूड कशी झाली म्हणून मी कामाच्या नवसाबाईला तोंडाला येईल ते बोलले. बिचारी देवाच्या शपथा घेत होती.

मोहिनी : आणि टोकाला काय बांधलंय बघ. सुतळी! एवढा मोठा मागांचा कारखानदार, आणि पेट्रोलच्या नळीला सुतळी!

अण्णा : पाण्याची नळी पेट्रोलला टिकत नाही. फुगते, मऊ पडते, मग चिरते.

मोहिनी : तुम्ही वाकून बघितलंही नाहीत.

अण्णा : बघितलंय मी.

मोहिनी : कधी?

अण्णा : त्याच संध्याकाळी. ते मालेगावला गेले, आणि मी डिकी उघडली.

आई : काय? मी नवसाबाईला बोलत होते तेव्हा तुम्ही समोर पेपर वाचत होतात!

मोहिनी : मग बदलली का नाहीत?

अण्णा : त्यांनी बसवलेली. काढली तर चिडतील. आणि चिडले की राग तुझ्यावर निघतो.

मोहिनी : अच्छा. म्हणजे तेही माहीत आहे तुम्हाला.

आई : रागीट आहेत जरा. मनानं वाईट नाहीत.

मोहिनी : कापडाच्या गठ्ठ्यावर व्यापाऱ्याचं नाव चुकलंय, एवढंच म्हटलं मी. तर मागावरच्या सगळ्या कारागिरांसमोर थोबाडीत मारली त्यानं. सुजलेला गाल घेऊन मी इथं आले आई. तू विचारलंस, जेवण झालं का?

आई : विचारून काय करणार होते? झाकली मूठ सव्वा लाखाची.

मोहिनी : बरोबर. काचा खाली करायच्या, दुसरं काय येतं आपल्याला! त्याला अक्कल नाही, हे मी समजू शकते. तुम्हाला आहे अण्णा, आणि ती तुम्ही त्याच्या पायाशी नेऊन ठेवलीत. मला त्याची किळस येते, पण लाज तुमची वाटते.

अण्णा : ती पुढची पक्कड दे. आणि खाली बादली सरकव.

आई : अहो, काय करताय? ती काढू नका! आज पोचवतो म्हणून कबूल केलंय आपण. गाडी निघणार कशी?

अण्णा : नाही निघणार. मोहिनी, बॅग उचल.

मोहिनी : एसटीनं पाठवताय?

अण्णा : घरात ने.

आई : आणि संध्याकाळी त्यांचा फोन आला म्हणजे? गाडी बिघडली म्हणून सांगू?

अण्णा : गाडी तासाभरात नीट होईल. फोन मी घेईन. दिनेशला काय सांगायचं ते मी बघतो.

आई : दिनेशरावांना... अहो, चार लोक काय म्हणतील?

मोहिनी : आई, मी आत जाऊ ना?

आई : थांब गं जरा. तुझ्या कपाटात मी पापडाचे डबे भरून ठेवलेत. ते आधी काढते.