पलंगाखालची खुर्ची

भाऊ : वेताला भोक पाडायचा टोच्या उजव्या हाताला असतो, ताई. आज डावीकडे आहे. आणि वेत अडकवायच्या खुंट्या डब्यात! खुंट्या डब्यात कधी असतात?

ताई : केर काढला रे मी. सरकलं असेल इकडचं तिकडे.

भाऊ : आणि टब? तोही केरात सरकला? वेत भिजत घालून गेलो होतो मी. आता हा ऐक, कडकड मोडतोय. असा वेत विणायचा कसा?

ताई : पुन्हा भिजव. चुकलं माझं, झालं?

भाऊ : दातांच्या डॉक्टरांची खुर्ची पोचवून येईपर्यंत अख्खं दुकान हललं माझं. तुमचं सामान हललं तर तुम्ही शोधता. माझं हललं की मी नव्यानं आंधळा होतो. आणि हे तुला सांगायचं? पाहुण्यांवर तूच ओरडतेस ना, त्याच्या कोपऱ्याला हात लावू नका म्हणून?

ताई : ओरडते.

भाऊ : थांब. अर्धी विणलेली खुर्ची कुठाय?

ताई : पलंगाखाली.

भाऊ : पलंगाखाली?

ताई : वर चादर टाकलीय. काही झालेलं नाही तिला.

भाऊ : कोण आलं होतं, ताई?

ताई : तुझ्या पेन्शनच्या ऑफिसातल्या मॅडम. खिडकीतून दिसल्या, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. म्हटलं, कोणीतरी चुगली केली, भाऊ कमावतो म्हणून. त्या जिना चढेपर्यंत जे हाताला लागलं ते आत ढकललं.

भाऊ : आणि सांगितलंस काय?

ताई : हेच, की त्याच्यानं काही होत नाही.

भाऊ : नीट सांग.

ताई : म्हटलं, दिवसभर एका जागी बसून असतो. बोट धरल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. घास भरवावा लागतो.

भाऊ : घास! काल भाजी कोणी चिरली?

ताई : तू.

भाऊ : आणि तुझ्या भाजीपेक्षा बारीक. मी कुठे आहे म्हणून नाही विचारलं बाईंनी?

ताई : विचारलं. म्हटलं, दवाखान्यात नेलाय.

भाऊ : ते तेवढं खरं. दाताच्या दवाखान्यात, डोक्यावर खुर्ची घेऊन.

ताई : हसू नको रे. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. ती पेन्शन गेली तर? खुर्च्यांचं काय, आज आहेत, उद्या लोक प्लास्टिकच्या आणतील.

भाऊ : त्या बाईंना मीच बोलावलं होतं, ताई.

ताई : काय?

भाऊ : त्यांच्याच ऑफिसातून आमच्यासारख्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत देतात. बाजाराच्या कोपऱ्यावर गाळा देतात. मी अर्ज केला. काम बघायला त्या शनिवारी यायच्या होत्या, आधीच उगवल्या.

ताई : मला एका शब्दानं बोलला नाहीस.

भाऊ : बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, आ बैल मला मार.

ताई : म्हणाले असते. देवा, काय करून बसले मी! स्वतःच्या हातानं तुझ्या गाळ्याला कुलूप घातलं. लाव फोन. आत्ता लाव. मी बोलते.

(फोन स्पीकरवर लागतो.)

मॅडम : हो, ओळखलं. बोला ना.

ताई : मॅडम, सकाळी मी खोटं बोलले. सगळं खोटं. माझा भाऊ वेताच्या खुर्च्या विणतो, सुंदर विणतो. तुम्ही आलात तेव्हा अर्धी विणलेली खुर्ची पलंगाखाली होती. मीच लपवली. पेन्शन बंद कराल अशी भीती वाटली.

मॅडम : अहो, गाळा मिळाला की लगेच पेन्शन तोडत नाही आम्ही. धंदा पायावर उभा राहीपर्यंत चालू असते. ते समजवायलाच तर आले होते.

ताई : मला काय माहीत? विचारायचंसुद्धा सुचलं नाही.

भाऊ : मॅडम, मी भाऊ. आता अर्जाचं काय?

मॅडम : मी तर 'काम करण्यास असमर्थ' असं लिहून टाकलंय. पण अहवाल अजून वर गेलेला नाही. उद्या या दोघं. अर्धी विणलेली खुर्ची घेऊन या, माझ्यासमोर विणा. मी नवीन लिहीन.

भाऊ : येतो. पण एक सांगा, एवढ्यावर तुमचा विश्वास बसला? निदान माझी खोली तरी बघायची.

मॅडम : बघणार होते हो. खोटं बोलणारे मला रोज भेटतात, मी लगेच ओळखते. पण तुमच्या ताई तुमच्याबद्दल सांगता सांगता इतक्या रडल्या, की आत जायला माझाच पाय उचलला नाही. बरं, उद्या या. ठेवते.

ताई : भली बाई आहे. मी उद्या सगळ्यांसमोर माफी मागेन त्यांची. तुझीही मागते. तू टब आण, मी पाणी ओतते. आणि टोच्या उजव्या हाताला, नाही का? ठेवते मी.

भाऊ : ताई, जरा बस.

ताई : बसले. बोल.

भाऊ : जे सांगितलंस ते भीतीपोटी. मला समजतं. मीही चोरून अर्ज केला, तेव्हा फिटंफाट.

ताई : फिटंफाट कसली रे.

भाऊ : ते रडणंही नाटकच होतं ना?

(ताई टोच्या उचलून त्याच्या उजव्या हाताला ठेवते.)

भाऊ : ताई?

ताई : नाही रे.