कचेरीत घेतलेलं नाव

नवऱ्याचं नाव न घेणारी बायको कुठं अडवंल, सांगता येत न्हाय बघा. निजामाचं राज्य होतं. मी कॅमेरा घेऊन जत्रांना निघालो होतो. परंड्यातला फोटो स्टुडिओ मागं हिनं चालवावा, म्हणून मुखत्यारनामा करायला दोघं कचेरीत गेलो.

मुन्शीनं हिला विचारलं, "कुणाच्या मुखत्यार?"

"ह्यांच्या."

"ह्यांच्या म्हंजे?"

म्या तोंड उघडलं, तर माझ्यावरच डाफरला. "तुम्ही गप बसा. बाईंनी नाव सांगितल्याबिगर शिक्का न्हाय!"

हिनं पदर सावरला नि ठसक्यात उखाणा घेतला,
"काळ्या फडक्याआड कॅमेऱ्याचा डोळा,
शंकररावांची मुखत्यार मी, शिक्का मारा, कागद करा मोकळा!"

सगळी कचेरी हसली. मुन्शी तेवढा गंभीर. "बाई, जरा सावकाश म्हणा. उर्दूत लिहून घ्यायचंय."

आमचा मुखत्यारनामा आजबी यमकासकट हाय.