मोहाच्या झाडाला पानं कोणी काढली?

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक डॉ. रंजीता मॅडम, नागपूरच्या कला महाविद्यालयातून खास आलेले प्रमुख पाहुणे प्राध्यापक अतुल वैरागडे सर, चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर आज निवृत्त होणाऱ्या, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या सत्कारमूर्ती दुर्गा मडावी सिस्टर, व्यासपीठावरचे मान्यवर, व्यासपीठावर खुर्ची न मिळाल्यानं पहिल्या रांगेत रुसून बसलेले मान्यवर, माता-भगिनींनो, आणि मागे चना-पोह्याच्या पातेल्यावर नजर ठेवून उभ्या असलेल्या माझ्या मित्रांनो,

सर्वांना माझा नमस्कार. मी मुखरू मोहुर्ले. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारा माणूस. दिवाळी ते होळी तुम्ही ज्या महालासमोर, ज्या जंगलासमोर रात्र जागवता, ते महाल आणि ती जंगलं माझ्या अंगणात वाळत घातलेली असतात. भाषण हे आपलं काम नाही. पण मॅडम म्हणाल्या, रुग्णांच्या वतीनं दोन शब्द बोला. आता सिस्टरचे चौतीस वर्षांतले सगळे रुग्ण माझ्या एकट्याच्या गळ्यात! लिहून आणलंय ते शुद्ध भाषेत आहे. मधेच जीभ घसरली, तर ती आपल्याच गावात घसरली असं समजा.

अतुल सरांनी आत्ता पाऊण तास फार सुंदर मांडणी केली. विषय होता, 'कला, रचना आणि समग्र आरोग्य'. शरीर, मन, रंग, रेषा, प्रेरणा, सगळं पडद्यावर चित्रांसकट दाखवलं. मी शेजारी बसलेल्या शकुबाईला, म्हणजे माझ्या मंडळीला, विचारलं, "समजलं काय?" ती म्हणाली, "समजलं नं. दुर्गा सिस्टरनं तुमचं जे केलं, तेच सर इंग्रजीत सांगून राह्यले." सर, राग मानू नका. तिनं तुमचं कौतुकच केलं. माझ्या चित्रांबद्दल ती इतकंही चांगलं बोलत नाही.

आणखी एक गोष्ट. शाल-श्रीफळ घेताना सिस्टरनी नारळ डाव्या हातात घेतला. तुमचं लक्ष फोटोवाल्याकडे होतं, माझं नारळाकडे होतं. ते मी ध्यानात ठेवलंय. शेवटी बोलतो.

तर, सिस्टरनी माझं काय केलं? तीन वर्षांपूर्वी, ऐन जेठ महिन्यात, सकाळी दाढी करताना माझ्या हातून वस्तरा पडला. उचलायला गेलो तर हात येईना. उजवा हात! लकवा म्हणाले. जिल्ह्याच्या ठिकाणी जीव वाचवला आणि पुढच्या उपचाराला मला इथं आणून टाकलं. पाय हळूहळू चालायला लागले. जीभ पहिल्यापासून शाबूत होती. शकुबाईचं मत असं की, देवानं निवड करताना जरा घाई केली.

आता पडदे रंगवणाऱ्याचा उजवा हात गेल्यावर राहिलं काय? हसण्यावारी नेतो आज, पण तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. वडशाच्या नाटक कंपनीचे चार पडदे कबूल केले होते, दिवाळीला पाच महिने होते. मी सिस्टरला म्हणालो, "आता या हाताले काम नाई. काम नाई तं जगाचं कायले?" मला खरंच मरून जावंसं वाटत होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आज माइकवर सांगून टाकलं.

आठवड्यातून एकदा व्यायामाचे डॉक्टर यायचे. त्यांनी रबराचा चेंडू दिला आणि रोज शंभरदा दाबायला सांगितलं. मी काय शाळेतलं पोट्टं आहे? चेंडू मी खिडकीबाहेर टाकला. सिस्टरनी आणून दिला. मी पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा तो दवाखान्याच्या कुत्र्यानं नेला आणि, खरं सांगतो, त्या कुत्र्याची प्रकृती फार सुधारली.

चौथ्या दिवशी डोळे उघडतो तर व्हरांड्यात, माझ्या खाटेच्या बरोबर समोर, एक पडदा टांगलेला! जमिनीपासून छतापर्यंत. शेत, बैल, धानाचा रोवणा करणाऱ्या बाया, मागे वाघ, बाजूला मोहाचं झाड. आणि कोपऱ्यात सही. कोणाची? पोचू पेंटरची!

मंडळी, पोचू पेंटर ओळखता ना? तो बघा, तिसऱ्या रांगेत. चेहरा लपवू नको लेका. अहेरीपासून इथपर्यंतच्या भिंतींवरच्या पाट्या यानं रंगवल्या. तीस वर्षं आम्ही एकमेकांचं काम पळवत आलो. याच्या दरबाराच्या पडद्याला मी लग्नाचा मांडव म्हणायचो आणि माझ्या जंगलाच्या पडद्याला हा भाजीबाजार म्हणायचा. त्याचा पडदा माझ्या खाटेसमोर! आणि त्यात पाहतो तर काय, बैलाचे खूर अखंड. घोड्यासारखे!

"सिस्टर!" मी ओरडलो. "बैलाचा खूर दुभंगलेला राह्यते. ह्या माणसानं जन्मात बैल पाह्यला नाई काय?"

"कोणता खूर, मुखरूभाऊ?"

मी डाव्या हातानं बोट दाखवलं.

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "डाव्या हातानं दाखवलेलं मले दिसत नाई."

मी चिडलो. त्या औषधाचा ट्रे घेऊन पुढच्या खाटेकडे गेल्या. दोन दिवस मी त्या खुरांकडे बघत दात खाल्ले. तिसऱ्या दिवशी खाटेवरून उठलो, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, आणि त्या मेल्या हाताचं बोट कसंबसं खुरापर्यंत नेऊन टेकवलं. कमरेइतकंच उंच होतं. घामाघूम झालो. सिस्टरनी वळून पाहिलं आणि माझ्या बोटांत ब्रश अडकवला. "मंग करा दुरुस्त. एकच तं रेघ हाय."

एक रेघ! चार खूर, चार रेघा, आठ दिवस लागले. पहिली रेघ वाकडी आली, आणि ती वाकडी रेघ बघून मी रडलो. शकुबाई पण रडली. हात जिवंत होता.

बैल झाला तर दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, रोवणा करणाऱ्या बाया पुढे सरकत आहेत. म्हणजे लावलेलं धान तुडवत! आपल्याकडचं शेंबडं पोर सांगेल, रोवणा करत मागं सरकायचं असतं. ही चूक छातीइतकी उंच होती. ती दुरुस्त केली तर वाघाचे पट्टे शेपटीपासून डोक्याकडे लांबच लांब, खारीसारखे! खांद्याच्या उंचीवर.

इथं मला शंका आली. कारण काल तो वाघ ठीक होता. पोचूचा आहे म्हणून मी बोललो नव्हतो, पण चांगला जमला होता. मी शकुबाईला म्हणालो, "काल पट्टे उभे होते वं!" ती माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "डोक्यालेबी लागलं असन तुमच्या." मी पट्टे उभे करायला घेतले. माणसाला हाताचा विश्वास नसतो तेव्हा तो डोक्याचाही सोडून देतो.

आणि मग आलं ते मोहाचं झाड. फुलांनी लदबदलेलं, खाली टोपल्या घेऊन वेचणाऱ्या बाया, आणि फांदी न् फांदी हिरव्यागार पानांनी भरलेली! अहो, मोह फुलतो तेव्हा झाडावर पान कुठलं? झाड उघडं होतं, मग फूल टपटपतं. या जिल्ह्यात राहून मोहाला फुलात पानं काढणाऱ्याला हद्दपार करायला पाहिजे! मी ब्रश घेतला आणि एकेक पान आभाळाच्या रंगानं पुसायला लागलो. दर पानागणिक पोचूच्या नावानं एक शिवी. झाड उंच, हात वर, आणखी वर. शिव्या संपल्या तेव्हा मी पहिल्यापासून सुरू केल्या, पानं अजून उरलीच होती. महिना गेला. शेवटी अगदी शेंड्याला सुगरणीचं घरटं दिसलं, त्याचं तोंड वर आभाळाकडे. पिल्लांना पोहायला शिकवायचं होतं की काय सुगरणीला? टाचा उंचावून, हात पूर्ण वर ताणून, मी ते तोंड खाली केलं.

त्या वर्षी वडशाचे चारही पडदे दिवाळीच्या आधी गेले.

हे इथवर तुम्हाला शकुबाईनं दहादा सांगितलं असेल. पुढचं ऐका. ते मला स्वतःलाच गेल्या महिन्यात कळलं. सिस्टर सामानाचा चार्ज देत होत्या, तेव्हा तो पडदा मी घरी मागून आणला. धुळीनं भरला होता म्हणून उलटा करून झटकला. तर मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहिलेलं, केसपेपरवर सिस्टरचं असतं त्याच अक्षरात: 'खूर, कंबर. रोवणा, छाती. वाघ, खांदा. मोह, डोक्याच्या वर. सुगरण, हात पूर्ण वर.' प्रत्येकापुढे तारीख.

मी तसाच पोचूकडे गेलो. त्याला वाचून दाखवलं. तो हसायचं थांबेना. म्हणाला, "पडदा म्या बरोबरच काढला होता. तू जेवून लवंडला का सिस्टर येक चूक काढे. शकुबाई पहारा देये. सिस्टरनं मले पयलेच इचारलं होतं, चित्र खराब करू का म्हणून. म्या म्हटलं, करा, पन सही माहीच राहू द्या. दुसऱ्याच्या चुकीसाठी मुखरू खाटेवरून उठनार नाई."

मंडळी, आपलं चांगलं चित्र खराब करू देणारा आणि वर सहीसकट शिव्या खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. महिनाभर हा खिडकीबाहेर उभा राहून त्या ऐकत होता म्हणे. पोचू, सर्वांसमोर सांगतो, तुझा वाघ चांगला होता. दरबाराच्या पडद्याबद्दल माझं मत कायम आहे.

आणि सिस्टर! मोहाचं झाड चुकीचं काढायला आधी ते बरोबर ठाऊक असावं लागतं. जिनं लहानपणी आईबरोबर मोह वेचला, तिनं हातानं एकेक पान लावलं. मला किती राग येईल याचा हिशोब करून लावलं. अतुल सर, प्रेरणा कुठून येते असं तुम्ही विचारलंत. माझी तर रागातून आली, आणि तो राग या बाईनं मला थेंबाथेंबानं पाजला.

आता नारळाकडे येतो. मॅडम, तुम्ही कोणाला सांगू नका म्हणाला होतात, म्हणून मी फक्त माइकवर सांगतो. चौतीस वर्षं सलाईनच्या बाटल्या वर टांगून सिस्टरचा उजवा खांदा आखडलाय. हात खांद्याच्या वर जात नाही. व्यायाम सांगितला तर म्हणतात, "मी सिस्टर हाव, मले माहीत हाय." करतात काय? नाही. पंधरा दिवसांपूर्वी किल्ल्या देताना मला म्हणाल्या, "आता माह्या हाताले काम नाई, मुखरूभाऊ." हे वाक्य मी कुठंतरी ऐकलं होतं. माझ्याच तोंडून ऐकलं होतं. त्याच रात्री मी पोचूचं दार ठोठावलं.

म्हणून पोचूनं आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, मिळून एक पडदा रंगवलाय. व्यासपीठामागे गुंडाळलेला आहे. दोरी मीच ओढतो, उजव्या हातानं. हं, हे बघा! आपला दवाखाना, आपला व्हरांडा, मधे सिस्टर. सगळं नीट आहे, फक्त सलाईनची बाटली खाटेच्या खाली टांगली आहे. रोगी इंजेक्शन घेताना हसतोय. छताचा पंखा जमिनीकडे पाठ करून फिरतोय. आणि बऱ्याच गोष्टी आहेत. पोचूला माझ्यापेक्षा देखणा काढलाय, ती चूक मात्र त्यानं माझ्या नकळत केली आहे. उद्यापासून हा पडदा व्हरांड्यात त्याच जागी टांगलेला राहील. मॅडमनी परवानगी दिली आहे. ब्रश आणि रंग खाली ठेवलेत. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

सिस्टर, मान खाली घालू नका. बघा तरी.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण पोहे थंड होऊ देऊन ऐकलं, त्याबद्दल सर्वांचा आभारी आहे. भाषणात काही कमी-जास्त बोललो असेन, कोणाचं नाव राहिलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. पडद्यावरच्या चुकांची मात्र मी माफी मागत नाही. त्या माफ करायच्या नाहीत, दुरुस्त करायच्या आहेत. पहिली कमरेला आहे, शेवटची पार वर.

सिस्टर, या इकडे. कुठं चुकलं ते दाखवा. नाही, तो हात नाही. डाव्या हातानं दाखवलेलं मले दिसत नाई.