आप्पांचा बिंदू

अक्का : मग बिंदू घरावर का आहे, ते सांग आधी.

योगीराज : बिंदू घरावर आहे म्हणजे आप्पा घरात आहेत, अक्का. तेवढ्यासाठीच तर फोनवर ते नकाशाचं पान करून दिलं तुला.

अक्का : नाहीत म्हणून सांगालेय ना मघापासून. त्यांची खोली बघितली, गच्ची बघितली, न्हाणीघर बघितलं. कपाटसुद्धा उघडलं मी, वेड्यासारखं. टीव्ही चालू आहे आणि दार नुसतं ओढून घेतलेलं.

योगीराज : घड्याळ? काढून ठेवलं असेल कुठंतरी. उशीखाली बघ.

अक्का : बघितलं. घड्याळ हातात आहे त्यांच्या. चार्जर तेवढा लोंबतोय.

योगीराज : मग खाली गेले असतील, गणपतीला. तेवढ्याने बिंदू हलत नाही, थोडंफार इकडेतिकडे होतं त्यात.

अक्का : शेजारची धनलक्ष्मी जाऊन आली देवळात. समोरच्या औषधाच्या दुकानात पण विचारलं. कुणी बघितलं नाही. योगी, तू ऐकालास ना? की टाइप करालास? खडखड येतंय.

योगीराज : ऐकतोय. पान उघडतोय माझ्या लॅपटॉपवर. स्वल्प थांब.

अक्का : थांबते की. मी थांबण्याशिवाय काय करते या घरात? आज क्लिनिकचे डॉक्टर लवकर गेले म्हणून मी लवकर आले. नाहीतर सहालाच आले असते. सहापर्यंत मला कळलंही नसतं.

योगीराज : हे बघ, माझ्याकडे वेगळंच दाखवतंय. एचएसआर लेआउट. माझ्या ऑफिसवर.

अक्का : म्हणजे?

योगीराज : म्हणजे चुकतंय. ते माझ्या लॅपटॉपची जागा पकडतंय. आधी पण असं झालंय, दुपारी बघितलं की कधीकधी बिंदू इथेच असतो. मी दुरुस्त करणार होतो. सोड ते. तुझ्या फोनवरचं बरोबर आहे.

अक्का : माझ्या फोनवरचं बरोबर कसं असेल? आप्पा घरात नाहीत.

अमृता : योगी, सॉरी, मधे बोलते. तुझा आवाज सगळ्या फ्लोअरला ऐकू येतोय. बाबा हरवलेत का?

योगीराज : सापडत नाहीयेत. अक्का, ही अमृता, माझ्या शेजारी बसते. पुण्याची आहे, मराठीच बोल. स्पीकरवर टाकतो.

अमृता : नमस्कार ताई. आधी एक सांगा, ते नेहमी कुठे जातात?

अक्का : कुठं जात नाहीत हो. विसरतात सगळं. सकाळचा नाश्ता झालेला दुपारी विसरतात. मागं एकदा जयनगरपर्यंत चालत गेले, पोलिसांनी आणून सोडलं. तेव्हापासून मी घरातच. क्लिनिकचं काम सोडलं होतं. मग यानं ते कुठं आहेत ते कळवणारं घड्याळ आणलं, फोनवर पान करून दिलं. नकाशा, आणि त्यावर एक हिरवा बिंदू. म्हणाला, अक्का, आता तू निर्धास्त हो. आणि झाले मी. परत कामाला लागले.

अमृता : पान तू केलंस? घड्याळाच्या कंपनीचं ॲप नाही?

योगीराज : आहे, पण एकाच फोनवर चालतं आणि ते माझ्याकडे लॉग-इन, सारखं बंद पडतं. म्हणून मी त्यांच्या सर्व्हरवरून डेटा ओढून साधं पान केलं. लिंक उघडली की झालं. अमृता, आत्ता ते नको. मी पोलिसांना फोन करू का, ते सांग.

अमृता : कर, पण काय सांगशील, कुठे शोधा म्हणून? तुझ्या दोन स्क्रीनवर दोन वेगळे बाबा आहेत. मला लिंक पाठव.

योगीराज : पाठवली.

अमृता : माझ्याकडे बिंदू जे. पी. नगरला आहे. घरावर.

योगीराज : बघ. म्हणजे माझाच लॅपटॉप चुकतोय.

अमृता : थांब, खाली लाल अक्षरात एरर आली आहे. डेटा अडवलाय ब्राउझरने. योगी, मला डेटाच मिळालेला नाहीये. मग हा बिंदू आला कुठून?

योगीराज : थांब, कोड बघतो.

अमृता : योगी. डेटा आला नाही तर काय दाखवायचं, तिथे काय लिहिलंस तू?

योगीराज : घराचा पत्ता टाकला होता. सुरुवातीला. नकाशा रिकामा दिसू नये म्हणून. नंतर काढणार होतो.

अक्का : काय म्हणाला तो? मला कळेल असं सांगा कुणीतरी.

अमृता : ताई, मी सांगते. घड्याळाची माहिती कंपनीच्या सर्व्हरवर असते. याचं पान दुसऱ्याच पत्त्यावर आहे. एका पत्त्यावरचं पान दुसऱ्या पत्त्यावरून माहिती मागतं, तेव्हा ब्राउझर बघतो, की पलीकडच्यांनी या पानाला परवानगी दिली आहे का. दिली नसेल तर आलेली माहितीसुद्धा तो पानाच्या हातात देत नाही.

अक्का : आमच्या क्लिनिकमध्ये पण असंच आहे. रिपोर्ट तयार असला तरी पेशंटनं ज्याचं नाव सांगितलं नाही त्याला आम्ही देत नाही.

अमृता : अगदी तेच. कंपनीने आपल्या पानाचं नाव सांगितलेलं नाही. म्हणून तुमच्या फोनवर माहिती येतच नाही. आणि माहिती आली नाही की हे पान घर दाखवतं.

अक्का : आज येत नाही?

अमृता : ताई, ते योगीलाच विचारा.

अक्का : आज येत नाही, की कधीच येत नव्हती?

योगीराज : कधीच नव्हती, अक्का.

अक्का : पण तू एका रविवारी आला होतास, लावून दिलंस, तेव्हा बरोबर होतं. आपण दोघांनी बघितलं.

योगीराज : त्या रविवारी आप्पा घरातच होते ना. बिंदू पण घरावर. मला वाटलं, चाललं.

अक्का : आणि मी रोज क्लिनिकमध्ये बसून बघत होते. दर अर्ध्या तासाला. घरावर आहे, घरावर आहे. देवाला हात जोडावेत तसे जोडत होते मी त्या बिंदूला. तू मला काय दिलंस योगी? आपल्याच घराचं चित्र दिलंस?

योगीराज : माझ्या लॅपटॉपवर चालत होतं गं. खरंच चालत होतं. आप्पा पार्कात गेले तर बिंदू पार्कात जायचा. मी बघितलंय डोळ्यांनी.

अमृता : तुझ्याकडे चालणारच. तू ते एक्स्टेंशन लावलंयस ना, अडवणं बंद करणारं? मला पण दिलं होतंस मागच्या महिन्यात, मी काढून टाकलं.

योगीराज : हो. कामासाठी लागतं म्हणून चालूच ठेवतो.

अमृता : म्हणजे तुझ्या ब्राउझरला तू सांगून ठेवलंयस, की परवानगी विचारू नकोस, येईल ते दाखव. जगातल्या बाकी सगळ्या ब्राउझरांना हे कोण सांगणार? मधे आपला एक छोटा सर्व्हर ठेवायचा, त्याने माहिती आणून द्यायची. तुला माहीत आहे हे. नव्या मुलांना तूच शिकवतोस.

योगीराज : करणार होतो. ऑफिसातला हा कामाचा स्प्रिंट संपला की करणार होतो.

अक्का : तुझा तो स्प्रिंट कधी संपतो रे? दिवाळीलासुद्धा संपला नाही.

योगीराज : पाच मिनिटं दे मला. ती घराची ओळ काढतो, सर्व्हर लावतो, तुझ्या फोनवर खरं दिसेल…

अक्का : नको मला काही दिसायला. माणूस कुठं आहे ते सांग.

अमृता : ताई बरोबर बोलतायत. योगी, कोडवरचा हात काढ. तुझ्या एकट्याच्या लॅपटॉपवर खरा डेटा येतोय, हे तरी पटलं का?

योगीराज : पटलं. पण तो ऑफिस दाखवतोय. म्हणून म्हणतो, ते लॅपटॉपची जागा घेतंय.

अक्का : कशावरून?

योगीराज : अक्का, आप्पा इथे कसे असतील? जे. पी. नगर कुठं, एचएसआर कुठं. मधे सिल्क बोर्डचं जंक्शन आहे, मला गाडी असून तास लागतो.

अक्का : त्यांनी आयुष्यभर बसनं कारखाना गाठला. नाश्ता विसरतात, बस विसरत नाहीत. तुझं ऑफिस त्यांना माहीत आहे?

योगीराज : एकदा आणलं होतं. नवीन जागा झाली तेव्हा, पूजेला. खाली लॉबीत बसून प्रसाद खाल्ला होता त्यांनी.

अमृता : मला एक गोष्ट दाखव फक्त. तुझ्या कोडमध्ये लॅपटॉपची जागा विचारणारी एक ओळ दाखव.

योगीराज : असेल ना. बघतो. नकाशाच्या फाइलमध्ये… नाही. इकडे असेल.

अमृता : शोध.

योगीराज : नाहीये.

अमृता : नाहीये ना. मग पान लॅपटॉपची जागा पकडेल कसं? घड्याळाने शेवटची खबर कधी दिली आहे?

योगीराज : आत्ताच. दोन मिनिटं झाली.

अक्का : योगी. तू मघाशी काय म्हणालास? आधी पण असं झालंय म्हणालास ना. दुपारी बघितलं की बिंदू तिथंच असतो.

योगीराज : हो.

अक्का : किती वेळा?

योगीराज : मोजलं नाही अक्का. बऱ्याच वेळा. मला वाटलं बग आहे. मी… मी ते पान बंद करून काम करायचो.

अमृता : जा खाली. चार्जर सोड, लॅपटॉप सोड, जा.

अक्का : फोन बंद करू नकोस. लिफ्टमध्ये शिरू नकोस, फोन तुटतो.

योगीराज : जिन्यानं उतरतोय. सहा मजले आहेत.

अक्का : हळू उतर. पडू नकोस आणि तू. आणि ऐक, भेटले तर ओरडू नकोस त्यांच्यावर. विचारू नकोस, का आलात म्हणून. घाबरतात ते.

योगीराज : नाही ओरडत.

अक्का : मी ओरडते तुझ्यावर. मला ओरडायचंय. घरी ये मग बघते.

योगीराज : ये म्हणशील तेव्हा येतो.

अक्का : ये म्हणूनच तर सांगत होते वर्षभर. तू घड्याळ आणून दिलंस.

(इमारतीच्या फाटकाशी. फोन चालूच आहे.)

अक्का : बोल की. दिसले?

योगीराज : लॉबीत नाहीत. वॉचमनला विचारतो. थांब.

अक्का : काय म्हणतोय तो?

योगीराज : कन्नडमध्ये सांगतोय… मंजुनाथ म्हणतो, आजोबा येतात, तो त्यांना ओळखतो. ते आत जायचं म्हणतात, पण कुणाला भेटायचं ते सांगता येत नाही त्यांना, कंपनीचं नाव येत नाही. नाव नसलं तर यांच्या मशीनमध्ये एंट्री होत नाही. म्हणून हा त्यांना झाडाखाली खुर्ची देतो. पाणी देतो. पाच वाजले की ऑटोत बसवतो. घरचा पत्ता बरोबर सांगतात म्हणे, क्रॉस आणि मेन रोडच्या नंबरासकट.

अक्का : अय्यो देवा. म्हणून सहाला घरी असायचे. मी विचारायचे, चहा घेतला का आप्पा? घेतला म्हणायचे. कुठं घेतला ते मी विचारलंच नाही.

योगीराज : मुलाला न्यायला आलोय म्हणतात. मंजुनाथला वाटलं, मागच्या शाळेत नातू असेल.

अक्का : योगी, ते आहेत का तिथं आत्ता? ते सांग मला.

योगीराज : आहेत. दिसले. झाडाखाली बसलेत. इस्त्रीचा शर्ट घातलाय.

अक्का : धनलक्ष्मी, सापडले गं आप्पा!

योगीराज : अक्का?

अक्का : सरी, सरी, बरं. आहे मी. जरा खाली बसले. तू जा त्यांच्याजवळ. फोन तसाच राहू दे, मला ऐकू दे.

योगीराज : आप्पा.

आप्पा : आलास? किती उशीर केलास. बाकीची पोरं केव्हाच गेली.

योगीराज : हो आप्पा. आज सुटायला उशीर झाला.

आप्पा : मास्तरांनी ठेवून घेतलं काय? काही चुकलं तुझं?

योगीराज : हो. चुकलं.

आप्पा : असू दे. घरी अक्काला सांगू नको, ती रागावते. असा का बघालास? रडलास काय?

योगीराज : नाही आप्पा. जिना उतरून आलो ना पळत. चला, घरी जाऊ. ऑटो बघतो.

आप्पा : आणि दप्तर कुठाय तुझं?

योगीराज : वर राहिलं. राहू दे.

आप्पा : राहू दे कसं? वह्या आहेत त्यात. जा, घेऊन ये. सावकाश ये, मी थांबतो की. रोज थांबतो.